कड्याचा सौदा

मामांचं घर आणि मामांचं गॅरेज यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, आणि ती भिंत काहीच अडवत नसे. अलीकडे मामी तांदळाची भाकरी थापायची, तो पट् पट् आवाज गॅरेजात यायचा. पलीकडे आम्ही मडगार्डावर हातोडी चालवली की फडताळातली पितळी भांडी आपोआप वाजायला लागायची. रॉकेलचा वास भाकरीला लागायचा आणि सुकट भाजल्याचा वास लोकांच्या गाड्यांच्या गाद्यांना. एका गिऱ्हाइकाने तशी तक्रार केली, तेव्हा मामांनी त्याला शांतपणे सांगितलं की वासाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, तसाच घेऊन जा. महाडच्या पेठेतून नदीच्या अंगाला उतरताना हे घर लागायचं. पावसाळ्यात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की आम्ही आधी पाने, जॅक आणि बॅटऱ्या माळ्यावर टाकायचो आणि मग तांदळाची कणगी. मामी त्यावरून दरवर्षी भांडायची आणि दरवर्षी क्रम तोच राहायचा.

मी त्या घरात आलो तो आमच्या वाडीवरून. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर आमची दहाबारा घरं. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी, आणि गोठ्यातच अर्धं आयुष्य. घर आणि गोठा एकाच छपराखाली असल्यामुळे रात्री म्हैस कूस बदलली तरी मला जाग यायची. आईची माझ्याआधीची मुलं जगली नव्हती. एक थोरला भाऊ काय तो राहिला. म्हणून माझं नाव धोंडू ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागायला नको, आणि देवीपुढे बोलून माझ्या उजव्या हातात तांब्याचं कडं घातलं. हात वाढेल तसं ते सैल करत न्यायचं, पण काढायचं नाही. मला मिसरूड फुटलं तेव्हा बाने महाडच्या तांबटाकडून त्याची टोकं कायमची सांधून घेतली. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी देवीसमोर बाने स्वतःच्या हाताने ते तोडायचं, असा नवस होता.

बा म्हणजे माझा बाप. तो म्हशींच्या सौद्यातला मुरलेला माणूस. आमच्याकडे जनावराची किंमत चारचौघांत तोंडाने बोलत नसत. दोघांनी हातावर उपरणं टाकायचं आणि आत एकमेकांची बोटं धरून बोलणी करायची. आजूबाजूला दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. अंगठा मागे घेतला की अजून जमलेलं नाही. पुरा पंजा दाबला की पक्कं. मग उपरणं झटकायचं, आणि एकदा झटकलं की त्या सौद्याबद्दल परत तोंड उघडायचं नाही. जनावर दुसऱ्या दिवशी लंगडं निघालं तरी नाही. मी लहानपणी बाबरोबर जायचो, आणि घरी परत येताना तो चालता चालता उपरण्याखाली माझी बोटं धरून मला खेळवायचा. मी पुढे धंद्यात जे काही केलं ते त्या उपरण्याखाली शिकलो. बोट कधी घट्ट धरायचं आणि कधी सैल सोडायचं, हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत.

कड्यावरून मामांचं आणि बाचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. गॅरेजात हातात धातू नको, तो वायरीला लागला की माणूस भाजतो, असा मामांचा नियम. त्यांनी लग्नातली अंगठीसुद्धा खुंटीला टांगलेली होती. बा म्हणाला, कडं देवीचं आहे, ते राहील. नसेल चालत तर पोरगा परत येईल. दोघंही तिढ्याला आले तेव्हा तोड मी काढली. सायकलची जुनी ट्यूब कापून कड्यावर घट्ट गुंडाळायची. देवीचं कडं देवीपाशी, आणि मामांचा नियम मामांपाशी. बाने ती ट्यूब दाबून पाहिली, मामांनी ओढून पाहिली, आणि मी राहिलो. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि मी तो दोन्हीकडून जिंकला होता.

मामांना एकच मुलगा, वसंता. माझ्यापेक्षा थोडा मोठा. हायस्कुलात जायचा, केसांना खोबरेल लावून भांग पाडायचा, आणि गॅरेजात आला की गाडीच्या पुढच्या सीटवर बसून चाक फिरवायचा. हात काळे करायला त्याला नको असायचं, पण गिऱ्हाइकासमोर गाडीतलं सगळं आपल्याला कळतं असं दाखवायची हौस भारी. मला 'धोंड्या' म्हणायचा. मी त्याच्या घरात खात होतो म्हणून ते ऐकून घ्यायचो. माझा राग तेव्हाही आजच्यासारखाच होता, फक्त तो ठेवायला जागा नव्हती.

तर तो बाजाराचा दिवस. बा सकाळीच वाडीवरून उतरला, तुपाचा डबा घेऊन. डबा मामीच्या हातात दिला, पाय धुतले, आणि गॅरेजाच्या दारातल्या जुन्या टायरवर बसला. थोरला भाऊ मुंबईला गिरणीत लागला होता. आता गोठ्याला माणूस नाही, म्हणून मला घेऊन जायला आलो, असं त्याने मामांना सांगितलं. मला नाही. मी तिथेच रॉकेलात नट धूत होतो. मामा म्हणाले, दाजी, पोराचा हात आता कुठे बसायला लागला आहे. बा म्हणाला, म्हशीचं दूध काढायलाही हात बसावाच लागतो. मामी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती, कारण भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

नेमकी त्याच वेळी एक गाडी आली. लहानशी विलायती गाडी, घाट चढून वर निघालेल्या पुण्याकडच्या कुटुंबाची. डायनामो बॅटरी भरत नव्हता. घाटात धुकं, दिव्यांशिवाय जाता येणार नाही. मालक बायकामुलांना घेऊन पेठेत ओळखीच्या घरी जेवायला गेले आणि ड्रायव्हरला गाडीपाशी ठेवून गेले. आमच्याकडचा मुख्य मिस्त्री आदल्या दिवसापासून घाटात बंद पडलेल्या ट्रकवर होता. मामांनी बोनट उघडलं, आत पाहिलं, आणि हात घालायचाही विचार केला नाही. त्या गाडीचं इंजिन जणू आधी ठेवलं होतं आणि गाडी मागून त्याच्याभोवती शिवली होती. डायनामो खाली, इंजिनाच्या कुशीत. त्याच्यावर एक्झॉस्टचा पाइप, बाजूला स्टिअरिंगचा दांडा, आणि वर इंजिन चालू करायच्या सेल्फचा स्विच, त्याला बॅटरीकडून आलेली बोटाएवढी जाड वायर. मामांचा पंजा भाकरीएवढा. ते म्हणाले, रेडिएटर उतरवावा लागेल, रात्र होईल.

रात्र म्हणजे संध्याकाळची पोलादपूरची एस.टी. गेलेली, आणि मी त्या एस.टी.त. ते मला लगेच दिसलं. मी हात पुसले आणि बासमोर जाऊन उभा राहिलो.

"बा, मी येत नाय."

"तुला इचारलं नाय रे."

"मग सौदा कर. ह्यो डायनामो मी एकट्याने काढतो, रेडिएटर न उतरवता. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मुकाट तुझ्यासंगं येतो, परत गॅरेजाचं नाव काढणार नाय. निघाला तर मी हितंच. गोठ्याला गडी बघ."

ड्रायव्हर हसला. वसंता सीटवर बसून हसला. बा हसला नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो दुसऱ्याच्या म्हशीकडे पाहायचा, आधी पाय, मग कास, मग डोळे. मग खांद्यावरचं उपरणं काढून हातावर टाकलं. मी आत हात घातला. त्याने अंगठा मागे घेतला. मी म्हटलं, एस.टी. सुटायच्या आत. तेव्हा त्याने पंजा दाबला आणि उपरणं झटकलं. मामांनी रिंग पाना उचलून माझ्याजवळ ठेवला.

मी आधी बॅटरी सोडली. त्या गाडीत बॅटरी पुढच्या सीटखाली होती. वसंताला उठवलं, सीट उचलली, टर्मिनल सैल केलं आणि वायर बाजूला सारून ठेवली. बा मागे येऊन उभा राहिला होता. हे काय, म्हणाला. मी त्याला शहाणपणाने सांगितलं, "ही सोडली की गाडी मेली, बा. दिवा नाय, भोंगा नाय, काय नाय. आता हिच्या पोटात हात घातला तरी लाथ मारायची नाय." बाने मान हलवली आणि परत टायरवर जाऊन बसला.

पुढचा बोल्ट निघाला. पट्टा निघाला. मागच्या दोन वायरी बोटांनीच चाचपून सोडल्या. राहिला तो मागचा खालचा नट. तो दिसत नव्हता, कुठल्याच बाजूने दिसत नव्हता. गाल मडगार्डावर टेकवून, उजवा हात सेल्फच्या स्विचला वळसा घालून खाली सोडला की बोटांची टोकं त्याला लागायची, पण पाना फिरवायला मनगट अजून थोडं खाली जायला हवं होतं, आणि मनगट अडत होतं. कड्यावरच्या ट्यूबमुळे. मी हात वाकडा करून पाहिला, खालून पाहिला, डावा हात घालून पाहिला. डावा त्या बाजूने वळेचना. घाम डोळ्यांत जात होता, आणि पत्रा इतका तापला होता की गाल ठेववत नव्हता. बाहेर पेठेत सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचा गलका चालला होता. कुणीतरी एस.टी. किती वाजता सुटते ते विचारत होतं. त्या माणसाला मी मनात शिवी दिली. शेवटी मी हात बाहेर काढला, आणि ट्यूब सोडून खाली टाकली. मामांनी पाहिलं. मी म्हटलं, बॅटरी सोडलेली हाय. मामा म्हणाले, सोडली आहेस ना, मग घाल.

मनगट खाली गेलं. पाना नटावर बसला. तो बसल्याचं मला डोळ्यांनी कळलं नाही, उपरण्याखालचं बोट कळतं तसं कळलं. मी जोर लावला. नट हलेना. परत लावला. एक बारीक करकर झाली आणि तो सुटायला लागला. मला आठवतं, त्या करकरीचा मला इतका आनंद झाला की मी हसलो, गाल तसाच पत्र्यावर टेकवून. पाव फेरा, पाना काढायचा, परत बसवायचा, पाव फेरा. उघडलेलं बोनट माझ्या आणि गाडीच्या काचेच्या मध्ये भिंतीसारखं उभं होतं. आत गाडीत काय चाललं आहे ते मला दिसणं शक्य नव्हतं.

आणि भोंगा वाजला.

माझ्या कानापासून हातभर अंतरावर, बैल ओरडावा तसा. मी दचकलो, हात वर झटकला, आणि कडं एका अंगाने सेल्फच्या स्विचवर त्या जाड वायरच्या टोकाला लागलं आणि दुसऱ्या अंगाने डायनामोच्या लोखंडाला. निळा उजेड झाला. तांब्याचं कडं तिथेच चिकटलं, आणि माझा हात त्याच्या आत. वास आधी आला, दुखणं मागून. मी ओरडलो असेन, मला ते आठवत नाही. मामी सांगायची की भाकरी तव्यावर टाकून ती धावत आली. मग गाडीच्या आतून काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, उजेड गेला, आणि कडं सुटलं. मी हात बाहेर काढला. मनगटाभोवती कड्याच्या रुंदीचा पट्टा, आधी पांढरा, मग लाल.

बोनटाच्या बाजूने मी गाडीत पाहिलं. वसंता सीट खाली दाबत होता.  ड्रायव्हरने भोंगा वाजतो का असं विचारलं होतं, आणि आपल्याला कळतं हे दाखवायला वसंताने टर्मिनलवर वायर नुसती टेकवून धरली होती आणि दुसऱ्या हाताने भोंगा दाबला होता. ते मला त्याने कधी सांगितलं नाही. ड्रायव्हरने सांगितलं, पुढे बऱ्याच वर्षांनी, एका ढाब्यावर, आणि तेही मी त्याला ओळखलं म्हणून.

मामीने माझा हात पाण्याच्या घागरीत बुडवला. बा उठून आला होता. तो ओरडला नाही. बा कधी ओरडत नसे, आणि म्हणूनच त्याची भीती वाटायची. तो मामांना म्हणाला, "गणपत, कुणी केलं ह्ये?"  मामा खाली बसले, माझा हात घागरीतून काढला, बाने आणलेलं तूप त्याला लावलं, आणि धुतलेल्या धोतराचा तुकडा वरून टाकला. त्या फडक्याखाली त्यांच्या बोटांनी माझी बोटं शोधली. मामाही आमच्याच डोंगरावरचे. महाडला उतरून त्यांना जन्म गेला होता, तरी बोटं विसरली नव्हती. त्यांनी माझा पंजा दाबला, नाव घेऊ नको म्हणून.

मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि डोळे आपल्या पोराकडे लागलेले. मी नाव घेतलं असतं तर बा मला तिथून उचलून घेऊन गेला असता आणि मामांच्या उंबऱ्याला परत पाय लावला नसता. आईचं माहेर तुटलं असतं. आणि मी खरा ठरून गोठ्यात गेलो असतो. हे सगळं मला सुचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी अंगठा मागे घेतला. मामांनी चमकून वर पाहिलं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "वायरिंग शिकवाल. सगळं. त्याच्याआधी मला. आणि ह्यातला शब्द ह्या घराभायेर जायचा नाय, माझ्या तोंडून नाय आन् त्याच्याबी नाय." मामांनी वसंताकडे पाहिलं. वसंताने मान हलवली. मामांनी पंजा दाबला, आणि या वेळी मीही दाबला.

मग मी मोठ्याने म्हटलं, "बा, माझ्याच हातून झालं. बॅटरी सोडायची राहिली. कडं होतं म्हणून भाजलं, नायतर काय नव्हतं."

 बाने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग वसंताकडे. मी वाट पाहत होतो की तो म्हणेल, झालं, चल घरी. तो म्हणाला, "करवत द्या." मामांनी लोखंड कापायची करवत दिली. माझा हात त्याने आपल्या मांडीवर घेतला, कडं आणि कातडीच्या मध्ये चामड्याचा तुकडा सरकवला आणि कापायला लागला. मामी म्हणाली, दाजी, नवसाचं आहे, देवीसमोर तरी... बा म्हणाला, "देवीला मी सांगतो गो." एका बाजूने कापलं, मग दुसऱ्या. दोन्ही तुकडे बंडीच्या खिशात टाकले, आणि माझं मनगट, जन्मापासून कधी उघडं न राहिलेलं, सगळ्यांसमोर उघडं झालं. एवढं हलकं वाटलं की मला रडू आलं. भाजल्याने आलं असं सगळ्यांना वाटलं, आणि मी वाटू दिलं.

"झालं का तुझं?" बा म्हणाला. "नट राहिलाय ना?"

सीट मी पुन्हा उचलली, आणि या वेळी सोडलेल्या वायरच्या टोकाला चिंधी बांधून ती बाच्या हातात दिली. तो ती दाव्यासारखी धरून बसला. कड्याशिवाय हात सरळ खाली गेला. प्रत्येक पाव फेऱ्याला कातडी पेटत होती, आणि दातओठ खाता खाता मी फेरे मोजायचंही विसरलो. नट निघाला. बोल्ट ठोकून बाहेर सरकवला. आता डायनामो मोकळा होता, पण वर येईना. पाइपाला अडायचा, दांड्याला अडायचा. मामांचा हात नकळत पुढे आला, आणि मी एवढ्या जोरात "हात लावू नका" म्हणालो की ते मागे सरले. मामांवर मी आवाज चढवायची ती पहिली वेळ. मग मी ओढणं सोडलं, त्याला उलट खाली ढकललं, तोंड खाली केलं, कुशीवर वळवलं, आणि तो त्या फटीतून असा सरकन वर आला की मी तो छातीशी धरून मागच्या मागे बसलो. काळा, तेलकट, चांगला जड. बाने हातातली वायर खाली ठेवली.

त्याच्या आतले कार्बनचे ब्रश झिजून गेले होते. मामांनी नवे घातले, आणि मालक परत यायच्या आत आम्ही डायनामो पुन्हा बसवलाही. गाडी गेली. मी राहिलो. त्या वर्षी मामांनी मला वायरिंग शिकवलं, सगळं, वसंताच्या आधी. मामा शब्दाचे पक्के होते. पुढे हायवेवर माझं स्वतःचं गॅरेज झालं, मग दुसरं झालं. लोक म्हणतात धोंडू माणूस तिरसट आहे, सौद्याला बसला की घाम काढतो. आहे मी. मला कुणी काही फुकट दिलं नाही.

पण वसंताने सौदा पाळला नाही. मामा असेपर्यंत गप्प होता. मामा गेले, आणि त्यांच्या दिवसकार्यालाच त्याने चार माणसांत हसत हसत सांगितलं की धोंडूने पहिल्या गाडीला बॅटरी न सोडताच हात घातला होता, बघा त्याचं मनगट. तेव्हापासून सांगतोच आहे. महाडात नव्या पोराला कामाला ठेवलं की मिस्त्री त्याला दम देतात, बॅटरी सोड, नाहीतर धोंडूशेठसारखं होईल. साऱ्या जन्मात मी एकदाही बॅटरी न सोडता वायरीला हात लावला नाही, आणि माझं नाव त्याच गोष्टीला चिकटलं आहे. मागच्या वर्षी माझ्या नातवाच्या लग्नात तो हेच नव्या नातसुनेला सांगत होता, खुर्चीवर बसून, काठी मांडीवर ठेवून. मी भरल्या ताटावरून उठलो. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. मी माझं सांगायचं कुणाला? सौदा मी मामांशी केला होता, आणि मी झटकल्यावर बोलणाऱ्यातला नाही. पण तो आधी बोलला. म्हणून एवढं एक प्रकरण मी लिहून ठेवतो आहे. आता ज्याला वाचायचं त्याने वाचावं, वसंतानेही वाचावं. त्याचा चष्मा चांगला आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाला सोडायला स्टँडवर गेलो. मामीने वाटेसाठी भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. माझा हात फडक्यात होता.  पेठेतली दुकानं आवरत होती, मासळीवाल्या टोपल्या धूत होत्या. बा मध्येच थांबून एका जोडव्यांच्या दुकानाकडे उगाच बघत राहिला आणि परत चालायला लागला. पोलादपूरची गाडी लागली होती. लोक आत चढत होते, कुणाच्या कोंबड्या, कुणाचं मिठाचं पोतं. ड्रायव्हर जागेवर येऊन बसला आणि त्याने लोकांना बोलवायला भोंगा दाबला.

बा चढता चढता थांबला. गाडीच्या तोंडाकडे पाहिलं.

"सकाळी तू म्हणालास," तो म्हणाला, "ती सोडली का भोंगा बी वाजत नाय."

 मी त्याला काय काय सांगितलं होतं ते मी साफ विसरलो होतो. तो विसरला नव्हता. करवत मागितली तेव्हाही नाही, कडं कापलं तेव्हाही नाही.

"सोडताना मी मागंच उभा होतो तुझ्या," बा म्हणाला.

मग त्याने उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि माझ्यापुढे धरलं. मी चांगला हात आत घातला. त्याने माझी बोटं धरली, दाबली नाहीत, नुसती धरून ठेवली. बाजारात शेवटचं विचारायचं असलं की तो असंच धरायचा, समोरच्याला फिरायचं असेल तर फिरता यावं म्हणून. कंडक्टर ओरडत होता. मी अंगठा मागे घेतला असता तर बा गाडीत चढला नसता, मामांच्या दारात गेला असता, हे मला त्या बोटांवरून स्वच्छ कळत होतं. त्याची बोटं खरखरीत होती, आणि तांब्याचा वास येत होता.

मी पंजा दाबला.

बाने हात सोडला. उपरणं झटकलं, पुन्हा एकदा झटकलं, खांद्यावर टाकलं आणि गाडीत चढला.